गाडी कुणी तापवली

१

डिझेलच्या गाडीला थंडीत घाई केलेली चालत नाही. चावी अर्धी फिरवायची. डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत हात आवरायचा. तेवढ्या वेळात इंजिनातल्या बारक्या कांड्या लाल होतात आणि आतली हवा तापते. मग पुढची चावी. इंजिन आधी खोकतं, खडखडतं, दोन-तीन मिनिटांनी त्याचा आवाज गोल होतो. तापमानाचा काटा पहिल्या रेघेवर चढला की हीटरचा पंखा लावायचा. आधी लावला तर गार वाराच अंगावर येतो. एसटीच्या वर्कशॉपात मी तीस वर्षं मेकॅनिक होतो. ड्रायव्हर लोकांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं.

घरी मात्र हे सगळं मी सिंधूसाठी केलं. दोन हिवाळे तिचं डायलिसिस चाललं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला देऊळगाव राजाहून जालन्याला निघायचो. रक्त कमी झाल्यामुळे तिला थंडी अजिबात सोसायची नाही. मी वीस मिनिटं आधी शेडमध्ये जायचो, शटर वर करायचो, गाडी चालू करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहायचो. गाडी आतून उबदार झाली की हेडलाइट दोनदा लावून विझवायचा. समोरच स्वयंपाकघराची खिडकी. तिच्यावर उजेड पडला की सिंधू शाल गुंडाळून बाहेर यायची. बसली की मी विचारायचो, "थंडी वाजते का?" ती म्हणायची, "नाही. आता बरं वाटून राह्यलं."

गेल्या ऑगस्टमध्ये सिंधू गेली. पायल, आमची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरीला आहे. सिंधूच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठ दिवस राहून ती परत गेली. मग घरात मी आणि दारात गाडी.

२

डिसेंबर लागला तशी थंडी वाढली. पाच वाजता जाग येण्याची सवय काही मोडली नव्हती. कुठं जायचं नसलं तरी बॅटरी उतरू नये म्हणून मी दोन-तीन दिवसांनी गाडी चालू करून ठेवायचो.

त्या सकाळी शेडमध्ये गेलो. बोटं गारठली होती. चावी अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला आणि लगेच विझला.

एवढ्या थंडीत तो दहा-बारा सेकंद तरी राहायला हवा होता. तो लगेच विझतो तो इंजिन गरम असेल तेव्हा. मी चावी काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला. पत्रा कोमट होता. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तसं वाटलं, आणि मी हात मागं घेतला.

मेकॅनिकच्या डोक्याला कारण लागतं. पत्र्याचं शेड आहे, दिवसभराचं ऊन साठलं असेल. पण पत्रा रात्रीतून गार पडतो, वरून दहिवराचे थेंब गळत होते. मग सेन्सर बिघडला असेल. दिवसाउजेडी तो काढून तपासला. चांगला होता. डिझेलचा काटा पाहिला, किलोमीटरचा आकडा पाहिला. गाडी कुठं गेलेली नव्हती.

माझ्याच हाताला भास झाला म्हणालो आणि ते प्रकरण तिथं मिटवलं.

३

दोन दिवसांनी काच पाहिली.

पुढच्या काचेवर आतल्या बाजूनं वाफ धरली होती. सगळ्या काचेवर नव्हती, फक्त ड्रायव्हरच्या समोर. बंद गाडीत माणूस बराच वेळ बसला की त्याच्या श्वासानं अशी वाफ धरते. वर्कशॉपात रात्रपाळीचे ड्रायव्हर गाडीत झोपायचे तेव्हा सकाळी काचा अशाच असायच्या.

वाफेच्या मधोमध तळहाताएवढी जागा पुसलेली होती.

मी सीटवर बसलो आणि त्या पुसलेल्या जागेतून पाहिलं. बरोबर स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. दुसरं काही दिसत नव्हतं.

तिथं किती वेळ बसलो कुणास ठाऊक. खिडकीत अंधार होता. आपल्याच घराकडे असं बाहेरून पाहिलं की घर परक्याचं वाटतं. आत कुणी आहे की नाही, असेल तर बाहेर का येत नाही, असं काहीतरी मनात आलं. आत तर कुणीच नव्हतं. आत राहणारा मी इथं बसलो होतो.

संध्याकाळी पायलचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. खिचडी केली होती."

"रोज खिचडीच. इकडे या म्हटलं तर येत नाही. आणि ती गाडी विकून टाका आता. कशाला हवी?"

"बघू," मी म्हणालो. काचेचं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण पुण्यात बसलेल्या पोरीला फोनवर काय सांगणार? काचेवर वाफ होती म्हणून?

४

आमच्या कंपाउंडला लागून जनकाबाईचं शेत आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी. नवरा गेल्यापासून ती एकटीच सगळं करते. पहाटेच भाजी काढते आणि जुड्या बांधून सातच्या आत बाजारात जाते. सिंधूची आणि तिची मैत्री होती. कुंपणाच्या तारेवरून वाटीनं कालवण इकडून तिकडं जायचं.

त्या दिवशी मी नळावर तोंड धूत होतो. ती तारेपाशी आली.

"भाऊ, रोज कुठं जाऊन राह्यले एवढ्या सकाळी?"

"कुठं नाही. काऊन?"

"मग गाडीत काऊन बसता? घरघर आवाज येते रोज. पहिले वाटलं जालन्याला चालले. पण गाडी काही निघत नाही."

मी टॉवेलनं तोंड पुसत राहिलो. "कवा पाह्यलं तुमी?"

"काल पाह्यलं, परवा पाह्यलं. शटर वर होतं. माकडटोपी घालून बसले होते तुमी. मी हाक मारली तर हात केला की मले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, सिंधूताईची याद येते, मले समजते. पण असं थंडीत बसत नका जाऊ."

काल आणि परवा मी साडेसहापर्यंत अंथरुणात होतो. सर्दी होती म्हणून उठलोच नव्हतो.

तिला तसं बोललो नाही. "हाव," एवढंच म्हणालो.

घरात येऊन खुर्चीवर बसलो, तेव्हा खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे मीच होतो तो. माणसं झोपेत चालतात, दारं उघडतात. दोन हिवाळे जे केलं ते शरीर झोपेतही करत असेल. खुंटीवरची माकडटोपी काढून पाहिली. कोरडी होती. पायांचे तळवे पाहिले. मातीबिती काही नव्हती. पण मला कारण सापडलं होतं आणि ते सोडायचं नव्हतं.

कारण खरं असेल तर उपायही सोपा होता. संध्याकाळी मी गाडीची बॅटरी काढली. दोन्ही हातांत धरून तारेपाशी नेली आणि जनकाबाईला हाक मारली.

"ही तुमच्या घरात ठेवा. मी मागितली तरी दिवस वर आल्याशिवाय देऊ नका."

तिनं बॅटरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोणी चोरून नेते का हो?"

"तसंच समजा."

तिनं ती बाजेखाली सरकवली. मी परत येऊन शटर ओढलं, घराच्या दाराला आतून कडी लावली आणि खूप दिवसांनी लवकर झोपलो.

५

सकाळी दाराची कडी जशीच्या तशी होती.

शेडमध्ये गेलो. बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी, दोन्ही वायरींची टोकं मी टेप गुंडाळून ठेवली होती तशीच. आणि इंजिनातून ऊब येत होती. हात जवळ नेला की चेहऱ्यापर्यंत जाणवत होती. रेडिएटरच्या बाजूनं बारीक टिकटिक चालली होती. तापलेलं लोखंड गार व्हायला लागलं की असा आवाज करतं. इंजिन बंद करून दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील.

बॅटरीशिवाय ती गाडी चालू होत नाही. धक्का मारूनही होत नाही. तीस वर्षांत मला जे काही कळलं होतं त्यातलं काहीच इथं कामाला येत नव्हतं.

मी बॉनेट बंद केलं. तिथून पळावं, जनकाबाईला उठवावं, पायलला फोन करावा, यातलं काहीच केलं नाही. ड्रायव्हरच्या बाजूनं काचेवर वाफ होती. पुसलेली जागा आज मोठी होती.

हीटरचा खटका पाहिला. पंखा दोनवर, वारा पायांकडे, आणि तोही फक्त डाव्या बाजूला. सिंधूचे पाय गार पडायचे म्हणून मी तो तसा ठेवायचो. ऑगस्टनंतर मी त्याला हात लावला नव्हता, हे खरं. पण उन्हाळ्यात मीच तो बंद केला होता, हेही मला आठवत होतं.

दुपारी चहा केला आणि सवयीनं दोन कप पाणी टाकलं. भीती होतीच, पण तिच्यासोबत दुसरंही काही होतं, आणि ते कबूल करायला मला लाज वाटते. माझ्या दारात रोज कुणीतरी येत होतं. गाडी गरम करत होतं, काच पुसून माझ्या खिडकीकडे पाहत होतं. चार महिन्यांत माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती.

झोपताना मी स्वेटर काढला नाही.

६

उजेडानं जाग आली.

स्वयंपाकघरात उजेड पडला आणि गेला. पुन्हा पडला, पुन्हा गेला. खोलीच्या भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या दोनदा सरकल्या. मग इंजिनाचा आवाज ऐकू आला. खडखड संपून गोल झालेला आवाज. गाडी तापलेली होती.

घड्याळात पावणेसहा.

मी शाल घेतली. चप्पल घातली. कडी काढली. हे सगळं मी घाई न करता केलं, जागेपणी केलं. अंगणात धुकं होतं आणि गारठा असा की दातावर दात वाजत होते. शटर पूर्ण वर होतं. मी ते रात्री ओढलं होतं.

हेडलाइट डोळ्यांवर येत होते, त्यामुळे काचेमागचं दिसत नव्हतं. डावीकडचं दार उघडं होतं. मी तिथं गेलो. आतून ऊब आली. मी बसलो. दार लावून घेतलं.

पायांवर गरम वारा येत होता.

मी उजवीकडे पाहिलं नाही. समोर पाहत राहिलो. पण माणूस शेजारी बसलेला असला की मान न वळवताही काही काही दिसतं. लोकरीच्या टोपीची कड दिसली. काचेवर धरणारी आणि विरणारी वाफ दिसली. गिअरवर ठेवलेला डावा हात दिसला. त्याच्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता. असा डाग मला आहे. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं होतं, त्याला वीस वर्षं झाली. मी हळूच शालीतून माझा हात काढून पाहिला. माझा डाग माझ्या हातावर होता.

"थंडी वाजते का?"

आवाज खालचा, जपून विचारलेला. मी असं विचारायचो ते मला बाहेरून कधी ऐकू आलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "आता बरं वाटून राह्यलं."

आणि खरंच बरं वाटत होतं. डोळे जड झाले. कपाळात हलकं ठणकत होतं, पण तेही लांबचं वाटत होतं. गाडी निघत नव्हती. निघायची घाई कुणालाच नव्हती. असंच बसून राहावं असं वाटत होतं. मग समोरच्या उजेडात आडव्या रेघा दिसल्या. लोखंडी पट्ट्यांच्या रेघा. कितीतरी वेळ मी त्यांच्याकडे नुसता पाहत होतो, आणि मग कळलं की हेडलाइट शटरवर पडलाय. शटर खाली होतं.

बंद शेडमध्ये चालू इंजिन. अशानं माणूस झोपेत मरतो. मी स्वतः दोन जणांना असं बाहेर काढलेलं आहे, त्यातला एक वाचला नाही.

हात उचलायला गेलो, उचलला नाही. दाराची कडी वितीवर होती. जीभ लाकडासारखी झाली होती.

"शटर," मी म्हणालो. "शटर उघडा."

शेजारचा हात गिअरवरून उठला. उजवीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. त्यानंतरचं मला आठवत नाही.

७

शुद्धीवर आलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि पायल बाजूच्या स्टुलावर बसून रडत होती. जनकाबाईनं मला बाहेर काढल्याचं कळून ती पुण्याहून रात्रीतूनच आली होती.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, धुराचा गॅस रक्तात गेला होता. अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. या गॅसनं माणसाला भासही होतात, बरं का. काही दिसलं, ऐकू आलं असेल तर घाबरू नका."

मी मान हलवली. कारण चांगलं होतं. फक्त ते गाडीत बसल्यानंतरचं होतं. आधीच्या आठवड्याला ते लागू पडत नव्हतं.

पायलनं माझा हात धरला. "बाबा, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम केलं का?"

"नाही ग."

"शपथ?"

"तुझ्या आईची."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "मी तुम्हाला घेऊन जाणार आहे. आता बघू-बिघू काही नाही."

बॅटरीबद्दल तिनं विचारलं नाही. गाडीत बॅटरी नसेल हे तिच्या मनातही आलं नसणार. गॅरेजवाला येऊन गाडी घेऊन गेला तेव्हा तो म्हणाला, बॅटरी कुणी काढून नेली वाटतं, आणि गाडी टेम्पोला बांधून ओढत नेली.

८

तीन दिवसांनी घरी आलो. पायल आत बॅगा भरत होती. मी तारेपाशी गेलो. जनकाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून ती उठली, पण नेहमीसारखी जवळ आली नाही.

"तुमच्यामुळं वाचलो," मी म्हणालो.

"मी काय केलं." तिनं हात पदराला पुसले. "भाऊ, तुमाले एक विचारू? पायलले नाही सांगितलं मी. कोणालेच नाही."

"विचारा."

"त्या दिवशी मी चूल पेटवत होते. दारावर थाप पडली. उघडलं तर तुमी. माकडटोपी, हा स्वेटर. मले म्हणले, 'शटर उचला, माणूस आत हाय.' मी म्हणलं कोण माणूस? तर तुमी काही बोलले नाही. मी पळत आले, शटर उचललं. धूरच धूर. अन् आत..." तिनं शेडकडे पाहिलं. "आत तुमीच होते भाऊ. डाव्या सीटवर. मी तुमाले ओढलं, अन् मनात एकच, की मंग दारावर कोण हाय?"

मी तार घट्ट धरली. ती गार होती.

"मग?"

"मंग मी मागं पाह्यलं. तो रस्त्याला लागला होता. जालना रोडनं. पायीच. मी वरडले, अहो थांबा, हात लावा, एकटीनं उचलत नाही. तर त्यानं जाता जाताच सांगितलं."

"काय?"

"म्हणला, 'मले जाऊ द्या. सिंधू तिथं एकटी हाय. मले आधीच लई उशीर झाला.'"

आतून पायलनं हाक मारली, माझी औषधांची पिशवी कुठं आहे म्हणून.

सिंधू गेली त्या दिवशी मी दवाखान्यात तिच्याजवळ नव्हतो. हे मी पायलला सांगितलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही. तिला मशीनवर लावलं आणि मी खाली गाडीत येऊन बसलो. बाहेर पाऊस होता, मी काचा लावून घेतल्या. रात्रभर जागरण झालेलं. झोप लागली. फोन वरच, तिच्या उशाशी राहिला होता. वॉर्डातली बाई छत्री घेऊन मला शोधत आली आणि काचेवर टकटक केलं, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ती मला म्हणाली, शेवटी तुमच्या बायकोनं दोनदा दाराकडे पाहिलं.

जनकाबाई माझ्याकडे पाहत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या मागं मेथीचे वाफे होते आणि वाफ्यांच्या पलीकडे जालन्याचा रस्ता. कापसाचा एक ट्रक गेला. मग रस्ता मोकळा झाला.

"भाऊ," तिनं हळूच विचारलं, "पोचला आसंल ना हो तो?"

पायी जालना म्हणजे आठ तास. तीन दिवस होऊन गेले होते.

"हाव," मी म्हणालो. "आता पोचला आसंल."